गिअरबॉक्सचं सील तिसऱ्यांदा गळतंय? आधी वर बघा

आमच्या पिकअपच्या गिअरबॉक्सचं मागचं सील, म्हणजे तेल आत धरणारी रबरी कडी, सहा महिन्यांत दोनदा बदललं आणि डिसेंबरात ते तिसऱ्यांदा गळायला लागलं. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "शेठ, आता बॉक्सच उतरवू. आतलं बेअरिंग गेलं असणार." बॉक्स उतरवायचा म्हणजे गाडी दोन-तीन दिवस उभी, आणि द्राक्षाचे खुडे पंधरा दिवसांवर आलेले. मी म्हटलं, थोडं थांबू. ते थांबणं किती शहाणपणाचं होतं हे आठवड्याने कळलं, कारण दोष ना बेअरिंगचा होता ना सीलचा. बॉक्सच्या डोक्यावर शेंगदाण्याएवढी एक टोपी असते, तिच्यात तो होता.

ज्यांच्या पिकअपचं, टेम्पोचं किंवा ट्रकचं गिअर ऑइल वारंवार कमी होतं, सील टिकत नाही, किंवा तेल बदलल्यापासून गिअर जड झालाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाडी साध्या हाताच्या गिअरची असेल तरच उपयोग. ऑटोमॅटिकच्या नादी घरी लागू नका, तिचं तेल वेगळं आणि लेव्हल बघायची रीतही वेगळी.

डाग कधी पडतो ते आधी बघा

आमची गाडी निफाडची. कांदा लासलगावला, भाजी आणि द्राक्षं कसाऱ्यावरून वाशीला. रात्री शेडमध्ये लावताना बॉक्सखाली पुठ्ठा टाकायची सवय मी पहिल्या गळतीपासून लावून घेतली होती. चार दिवस गाडी लासलगाव-निफाड फिरली तर पुठ्ठा जवळजवळ कोरडा. वाशीची एक फेरी झाली की सकाळी बशीएवढा डाग. सील फाटलेलं असतं तर ते रोज थोडंथोडं गळलं असतं. हे फक्त लांबच्या फेरीला, म्हणजे बॉक्स पुरता तापल्यावर गळत होतं. मिस्त्रीला हे दोनदा सांगितलं. "तेल गरम झालं की पातळ होतं, म्हणून गळतं," एवढंच तो म्हणाला. ते खरंच आहे, पण अर्धंच.

गिअरबॉक्स हा बंद डबा आहे. सकाळी आतली हवा १५ अंशांवर असते, घाट उतरून-चढून ९० वर जाते. बंद डब्यातली हवा एवढी तापली की तिचा दाब साधारण पाव पटीने वाढतो, म्हणजे जवळपास चार पीएसआय. टायरच्या हवेशी तुलना केली तर हे काहीच नाही. पण ऑइल सील म्हणजे शाफ्टवर हलकी टेकलेली रबराची ओठाएवढी कड. तिचं काम उडणारं तेल आत ठेवायचं, दाब अडवायचं नाही. म्हणून बॉक्सवर ती टोपी, म्हणजे ब्रीदर, असतो. आतली तापलेली हवा त्यातून बाहेर जाते आणि गार झाल्यावर बाहेरची आत येते. तो बंद झाला की हवा दुसरी वाट काढते आणि सर्वात कच्ची जागा म्हणजे सील. तुम्ही नवं सील बसवा, ते महिनाभर तग धरेल, पुन्हा ओठ सुटेल.

यात आणखी वाईट गोष्ट म्हणजे उलटा प्रवास. पावसाळ्यात तापलेला बॉक्स इगतपुरीच्या पाण्यातून गेला की झटकन गार होतो, आत ओढ तयार होते आणि तोच सैल ओठ बाहेरचं पाणी आत घेतो. सप्टेंबरात काढलेलं तेल ताकासारखं पांढुरकं का होतं, याचा उलगडा मला डिसेंबरात झाला. तेव्हा मिस्त्रीने "वॉशिंगवाल्याने पाणी मारलं असेल" म्हणून विषय संपवला होता.

आमचा ब्रीदर कुणी बंद केला?

मार्चमध्ये गाडीचं पासिंग होतं. पासिंगच्या आधी गाडीला रंगरंगोटी करतात, चासीला खालून काळा मारतात, हे सगळ्यांना माहीत आहे. रंगाऱ्याने गन घेतली आणि चासीबरोबर बॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा), दिसेल ते काळं केलं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, त्याला गाडी चकाचक करायला सांगितली होती. गळती मे महिन्यात सुरू झाली. मार्च आणि मे यांची जोडी माझ्या डोक्यात कधी लागलीच नाही.

ती लागली तेल बदलताना. मी भरायचा प्लग हळूहळू सोडत होतो. शेवटच्या आट्याला "फुस्स" असा आवाज आला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. गाडी नुकतीच दहा किलोमीटर फिरवून आणली होती, तेवढ्यातच आत दाब साठला होता. मग झोपूनच बॉक्सच्या माथ्यावर हात फिरवला. गिअरच्या दांड्याच्या बुडाशी, वरच्या झाकणावर, एक बारीक उंचवटा लागला. ब्रीदरची टोपी बोटाने गरगर फिरली पाहिजे, थोडी वरखालीही हलली पाहिजे. ही चिकटून बसलेली, वर रंगाचा जाड थर आणि त्यावर लाल मातीचा लेप. नखाने खरवडली तर रंगाची साल निघाली.

बहुतेक गाड्यांवर ब्रीदर पान्याने सुटतो. काढा, रात्रभर डिझेलमध्ये ठेवा, टोपी फिरवून मोकळी करा, उलट्या बाजूने हवा मारा आणि तोंडाने फुंकर घालून बघा. फुंकर सहज पार गेली पाहिजे. काही गाड्यांत तो ठोकून बसवलेला असतो, तिथे टोपीच्या कडेने बारीक तार आणि हवा एवढंच करता येतं. काहींना वर नेलेली रबरी नळी असते, ती मुडपली नाही ना, टोकाला गांधीलमाशीने मातीचं घर केलं नाही ना, ते बघा. काढायच्या आधी आजूबाजूची माती ब्रशने आणि हवेने साफ करा, नाहीतर तीच माती भोकातून आत पडेल. या सगळ्या कामाला खर्च शून्य. सील मात्र आम्ही दोनदा मजुरीसकट घातलं.

दुसरी भानगड: गिअर जड

गळतीच्या जोडीला डिसेंबरात आणखी एक त्रास सुरू झाला. निफाडची थंडी बाहेरच्यांना सांगून पटत नाही. हिवाळ्यात राज्यातला सर्वात कमी पारा अनेकदा आमच्याकडेच नोंदला जातो. पहाटे पाचला गाडी काढली की दुसरा गिअर पडायचाच नाही. पहिल्यातून दुसऱ्यात घेताना दांडा भिंतीला टेकल्यासारखा अडायचा, जोर केला तर खर्रर्र. दोन-तीन किलोमीटर गेलं की सुरळीत.

इथे एक सोपी परीक्षा करून घ्या. गाडी उभी, इंजिन चालू. क्लच पूर्ण दाबा, मनात तीन आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. खरखर आली तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल, क्लचचं तेल, प्लेट, तिकडे बघा. गिअर ऑइल कितीही बदला, फरक पडणार नाही. रिव्हर्स गुपचूप पडला आणि त्रास फक्त गारठ्यात असेल, तर संशय तेलावर. गरम झाल्यावरही एकाच गिअरला खरखर येत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) झिजलीय. आणि चालताचालता गिअर निसटून न्यूट्रल होत असेल तर तो आतला बिघाड आहे, तेलाने बरा होणार नाही.

आमच्याकडे दोष तेलाचाच निघाला. सील बदलताना मिस्त्रीने त्याच्या एकाच पिंपातून क्राऊनला (मागच्या ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरला) आणि गिअरबॉक्सला तेल भरलं होतं. विचारलं तर म्हणाला, "गिअर ऑइल म्हणजे गिअर ऑइल." तसं नसतं. पिंपावर ८५डब्ल्यू-१४० आणि जीएल-५ लिहिलेलं, गाडीच्या पुस्तकात ८०डब्ल्यू-९० आणि जीएल-४.

पहिला फरक जाडीचा. १४० नंबरचं तेल गारठ्यात काकवीसारखं होतं. सिंक्रो रिंगने फिरत्या गिअरचा वेग जुळवायचा असतो आणि या काकवीत तिला तो जुळवताच येत नाही. जाता जाता एक गैरसमज. इंजिन ऑइल ४० आणि गिअर ऑइल ९०, म्हणून गिअर ऑइल दुप्पट जाड, असं दुकानदारसुद्धा सांगतात. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंशांवर ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलएवढंच घट्ट भरतं. काही कंपन्या तर गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच घालायला सांगतात. म्हणून पुस्तक बघायचं, आपल्या मनाने नाही.

दुसरा फरक जीएलचा, म्हणजे तेलातल्या रसायनांच्या दर्जाचा. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर जबर दाबाने घासत सरकतात. त्यासाठी जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतात. गिअर ऑइलचा तो कुजका वास या गंधकाचाच. पण गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा बऱ्याच गाड्यांत पितळेच्या असतात. जीएल-५ मधली काही रसायनं तापल्यावर पितळ खातात. शिवाय रिंगेला पकड हवी असते आणि हे तेल तिला घसरवतं. उलट क्राऊनमध्ये जीएल-४ घालाल तर तिथले दात उघडे पडतील. "चढता नंबर म्हणजे चांगलं तेल" हा हिशोब इथे चालत नाही. दोन्ही जागांसाठी दोन डबे घ्या.

तेल बदलताना

गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. गरम तेलाबरोबर तळातली घाण निघते, गार तेल अर्धा तास थेंबथेंब येत बसतं. सायलेन्सर पाइप मात्र त्याच बाजूला असतो आणि कोपराला त्याचा प्रसाद एकदा मिळतोच. गाडी सपाट जागेवर लावा, चारही चाकांवर. खळ्यात, उतारावर नको. उतारावर लेव्हल चुकते आणि जास्त भरलेलं तेलसुद्धा ब्रीदरमधून आणि सीलमधून बाहेर येतं, मग पुन्हा तोच गळतीचा धंदा. बहुतेक पिकअपखाली माणूस जॅक न लावताच मावतो. उचलावीच लागली तर पुढून-मागून सारखी उचला आणि चारही बाजूंना लोखंडी घोड्या लावा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणी जाऊ नका, एका मिनिटासाठीसुद्धा. हँडब्रेक ओढा आणि चाकांना दगड लावा.

आता या लेखातली सर्वात मोलाची ओळ: खालचा प्लग सोडायच्या आधी भरायचा प्लग सोडून बघा. दोन वर्षांपूर्वी मी उलटं केलं होतं. खालून सगळं तेल ट्रेमध्ये आलं, मग वरच्या प्लगला पाना लावला तर तो जाम. पाइप लावून जोर केला, चौकोन गोल झाला. गाडीत तेल नाही, भरायला भोक नाही, आणि संध्याकाळी कांदा भरायचा. शेवटी शेजारच्या काकांनी वेल्डरला बोलावून प्लगवर नट वेल्ड करून घेतला तेव्हा तो सुटला. तेव्हापासून आदल्या रात्रीच दोन्ही प्लगांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवतो. सकाळी प्लगच्या डोक्यावर हातोडीचे दोन सरळ ठोके, मग मापाचा पाना. प्लगला चौकोनी खाच असेल तर त्या मापाचा चौकोनी दांडाच घ्या, पक्कड लावू नका.

खालच्या प्लगला बहुधा लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ, काजळासारखा लेप दिसला तर काळजी नाही, ती रोजची झीज. बोटांवर चोळा. कणकण टोचले, नखाएवढा तुकडा किंवा दाताचा टवका निघाला तर तेल भरून विषय संपवू नका, बॉक्स उघडावाच लागेल. तेलात पिवळी चमक म्हणजे पितळ, म्हणजे सिंक्रो रिंग. थोडी चमक जुन्या गाडीत असतेच, सोन्याचा वर्ख मिसळल्यासारखं दिसलं तर रिंगा संपत आल्यात. आमच्याकडे चमक होती, मध्यम. त्याचं खापर मी त्या पिंपावर फोडतो, सिद्ध मात्र करता येणार नाही.

निघालेलं तेल मोजा. हे फार कमी लोक करतात. आमच्या बॉक्समध्ये पावणेदोन लिटर बसतं, निघालं सव्वा लिटर. म्हणजे अर्धा लिटर रस्त्यावर गेलं होतं, तेही दोन महिन्यांत. आणखी दोन महिने तसंच चालवलं असतं तर मिस्त्रीचं बेअरिंगचं भाकीत मीच खरं केलं असतं.

आतून डिझेल किंवा रॉकेल टाकून बॉक्स धुण्याची पद्धत गॅरेजमध्ये आहे. मला ती पटत नाही. कोपऱ्याकापऱ्यात राहिलेलं डिझेल नव्या तेलात मिसळून ते पातळ करतं. तेल ताकासारखं निघालं असेल तर योग्य तेलच थोडं भरा, गाडी पाच-सात किलोमीटर फिरवा, काढून टाका, मग पूर्ण भरा. खर्च जातो पण पाणीही जातं.

प्लगखालचं तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर नवं घाला. गावात मिळालं नाही तर तांब्याचं जुनं वॉशर गॅसवर लालबुंद होईपर्यंत तापवून गार करा, ते पुन्हा मऊ होऊन बसतं. हे फक्त तांब्याला, ॲल्युमिनियमला नाही, ते वितळेल. प्लग आवळताना पान्याला पाइप लावू नका. बॉक्सची बॉडी बहुधा ॲल्युमिनियमची असते, आटे एकदा गेले की वॉशरची गळती आठवून रडाल.

भरताना खरी कसरत. भोक बाजूला, वर जागा नाही, बाटली वाकडी होत नाही. मी बॉनेटमधून दीड मीटर पारदर्शक नळी खाली सोडतो, वर नरसाळं, खाली नळीचं टोक भोकात. तेलाची बाटली आधी पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या बादलीत ठेवायची, मग ते मधासारखं न येता पाण्यासारखं उतरतं. नरसाळं धरायला मुलगा आणि खाली मी, "थांब" म्हणेपर्यंत ओतायचं. भोकाच्या कडेवरून तेल सांडायला लागलं की लेव्हल झाली. पाच मिनिटं थांबून करंगळी आत वाकवून बघा, तेल कडेलाच लागलं पाहिजे.

सील कधी बदलायचं

ब्रीदर मोकळा केला, योग्य तेल योग्य मापात भरलं, तरी गळतंय, तेव्हा सीलकडे वळा. आधी गळती नक्की कुठली ते ओळखा. इंजिन आणि बॉक्सच्या मधून, बेल हौसिंगच्या तळातून येत असेल तर चोळून वास घ्या. काळंकुट्ट असेल तर बहुधा इंजिनचं मागचं सील, मधाच्या रंगाचं आणि गंधकाचा वास असेल तर बॉक्सचं पुढचं. दोन्हीला बॉक्स उतरवावाच लागतो, ते घरचं काम नाही.

मागचं सील घरी होतं. प्रोपेलर शाफ्ट सोडायच्या आधी जोडाच्या दोन्ही फ्लँजवर (चकत्यांवर) पंचने समोरासमोर खूण करा, पुन्हा तसाच बसवा, नाहीतर पन्नासच्या वर गाडी थरथरेल. शाफ्ट निघाला की सीलचा ओठ जिथे घासतो त्या जागेवर नख आडवं फिरवा. नख अडलं तर तिथे चर पडलाय, नवं सीलही त्या चरावर गळेल. चर बारीक असेल तर सील किंचित पुढेमागे बसवून ओठाला गुळगुळीत जागा मिळते, खोल असेल तर तो भाग बदला. मग बॉक्समधून बाहेर आलेलं शाफ्टचं टोक हाताने वरखाली हलवा. खटखट लागली तर बेअरिंग. ती परीक्षा मिस्त्रीने केली असती तर बॉक्स उतरवायची भाषा निघालीच नसती. आमचा शाफ्ट तसूभर हलत नव्हता. सील तिसऱ्यांदा घातलंच मी, कारण दाबाने जुन्याचा ओठ उलटा झाला होता. ओठाला तेलाचं बोट लावून, चहूबाजूंनी हलके ठोके देत बसवलं.

काढलेलं तेल डब्यात भरून ठेवलं होतं. वडील म्हणाले, "कुंपणाच्या खांबांना लावू, वाळवी धरत नाही." मी नको म्हटलं. विहीर तिथून वीस पावलांवर आहे आणि पहिल्या पावसात ते खांबावरून कुठे जाणार हे उघड आहे. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवं. मी ते अशा व्यापाऱ्याला तेल देणाऱ्या गॅरेजच्या पिंपात नेऊन ओततो. वडील अजून कुरकुरतात.

त्यानंतर वाशीच्या सहा फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीनंतर पुठ्ठ्यावर रुपयाएवढा ठिपका होता. तो चासीवर आधी साचलेल्या तेलाचा निघाला, पुसल्यावर परत आला नाही. पहाटे दुसरा गिअर अजून किंचित अडतो, पण खरखर गेली. आणि येत्या मार्चला पासिंगचा रंग मारायच्या आधी ब्रीदरवर पॉलिथिनचा तुकडा आणि रबरबँड लावायचा, असं मी गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. त्याखाली मुलाने लिहिलंय: "रंग झाल्यावर काढायचाही!"